निवडणुकीतला पैसा: नाशिककरांनी हिशेब कसा आणि कुठे बघायचा

सिडकोतल्या एका मैदानावर सभा होती. भाषणात नवीन काही नव्हतं म्हणून मी खुर्च्या मोजत बसलो. एका रांगेत ४०, अशा १५ रांगा, म्हणजे ६००. मागे उभे असलेले वेगळे. निकालानंतर त्या उमेदवाराचा खर्चाचा हिशेब बघायला मिळाला, तेव्हा मी आधी तीच तारीख शोधली. समोर लिहिलं होतं: खुर्च्या २००.

तक्रार द्यावी म्हणून लेखी अर्ज केला. टेबलापलीकडच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "मोजल्या म्हणता, पण फोटो आहे का?" फोटो नव्हता. वहीत तारीखसुद्धा टिपलेली नव्हती. तिथेच विषय संपला. पुढच्या निवडणुकीपासून मी वही आणि फोन दोन्ही घेऊन जायला लागलो. हा लेख पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी वकील किंवा पत्रकार असावं लागत नाही. मी आयुष्यभर एका पतसंस्थेत हिशेब लिहिले, तेवढ्या अनुभवावर हे जमलं.

आधी लक्षात घ्या: वह्या दोन असतात

उमेदवाराची वही वेगळी आणि पक्षाची वेगळी. नव्या माणसाचा गोंधळ नेहमी इथेच होतो.

उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. महाराष्ट्रात विधानसभेसाठी ४० लाख रुपये आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये. हे आकडे जानेवारी २०२२ पासूनचे आहेत. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च यात धरतात, दोन्ही दिवस धरून. अर्ज भरायच्या आधी सहा महिने चौकाचौकात वाढदिवसाचे फलक लागले, महाप्रसाद झाले, हळदीकुंकवात साड्या वाटल्या, तरी ते या वहीत येत नाही. ही पळवाट मोठी आहे. ती ठाऊक नसेल तर वहीत या गोष्टी शोधण्यात वेळ जाईल.

पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. पक्षाचे मोठे नेते, म्हणजे ज्यांना स्टार प्रचारक म्हणतात, त्यांच्या विमान-हेलिकॉप्टरचा प्रवास उमेदवाराच्या खात्यावर पडत नाही. पण त्या नेत्याच्या सभेच्या मंचावर उमेदवार बसला, किंवा त्याच्या नावाने मत मागितलं गेलं, की त्या सभेचा खर्च उमेदवाराकडे वळतो. मंचावर कोण बसलं आहे ते बघायचं ते यासाठी.

पायरी पहिली: आपला मतदारसंघ आणि आपला आयोग ओळखा

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी हे सहा नाशिक लोकसभेत येतात. निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण आणि दिंडोरी हे दिंडोरी लोकसभेत. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण जिल्ह्याने नाशिकचे, पण लोकसभेला धुळ्याबरोबर. सटाण्याच्या माणसाला लोकसभेच्या उमेदवाराचा हिशेब बघायचा असेल तर चौकशी धुळ्याला करायची.

लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. जिल्ह्यात त्याचं काम जिल्हाधिकारी बघतात. त्या काळात तेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. सीबीएसजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात निवडणूक शाखा आहे, तिथे जायचं.

महापालिका, नगरपरिषद आणि जिल्हा परिषद या राज्य निवडणूक आयोगाकडे. हा आयोग वेगळा, त्याचे आदेश वेगळे, मर्यादाही वेगळ्या. नगरसेवकाचा हिशेब मागायला कलेक्टर कचेरीत गेलात तर हात हलवत परत याल. त्यासाठी शरणपूर रोडवर राजीव गांधी भवनात महापालिकेच्या निवडणूक विभागात विचारा. तिथेही उमेदवाराने निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, आणि दररोजच्या खर्चाची नोंद ट्रू व्होटर ॲपवर करायची पद्धत राज्य आयोगाने आणली आहे. प्रभागात चार-चार उमेदवार एकाच गाडीतून, एकाच पत्रकावर प्रचार करतात. तो खर्च चौघांत कसा वाटला हे बघणं तिथलं खरं काम.

पायरी दुसरी: प्रचार चालू असताना वही ठेवा

सगळ्यात जास्त उपयोग याच पायरीचा होतो, आणि नेमकी हीच बहुतेक लोक गाळतात. निकालानंतर कागद मिळतो, पण त्या कागदाशी ताडून बघायला आपल्याकडे काहीच नसतं.

शंभर पानी वही पुरते. एका सभेला एक पान. तारीख, वेळ, ठिकाण, मंचावर कोण, मंडपाची अंदाजे लांबी-रुंदी (पावलांनी मोजली तरी चालेल), खुर्च्या, पंखे, ध्वनिक्षेपक, एलईडी पडदे, चहा होता की जेवण, आणि बाहेर उभ्या गाड्यांचे क्रमांक. फोनमध्ये ठिकाण आणि वेळ फोटोवर उमटेल अशी सोय चालू करा. फोटो तीन घ्या: मंचाचा, मागून घेतलेला सगळ्या मैदानाचा आणि गाड्यांचा. पत्रक हाती आलं तर टाकू नका. त्यावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं कायद्याने सक्तीचं आहे. ते नसेल तर तीच एक तक्रार होते.

आता या नोंदींची किंमत कशी काढायची? प्रत्येक निवडणुकीत जिल्हा निवडणूक अधिकारी दरसूची जाहीर करतात. खुर्ची, सतरंजी, हार, फेटा, वडापाव, चहा, जीप, रिक्षा, ढोल-ताशा, सगळ्याचे दर त्यात असतात. उमेदवार म्हणाला की मंडप मित्राने फुकट घातला, तरी दरसूचीप्रमाणे त्याची किंमत खर्चात धरली जाते. ही दरसूची मिळवा आणि वहीला टाचून ठेवा. माझ्या वहीत एका पंचवटीच्या सभेच्या पानावर डावीकडे मोजलेली संख्या, मधे दर, उजवीकडे गुणाकार असे तीन रकाने आहेत. इतकं साधं.

उमेदवाराची स्वतःची नोंदवही तीन रंगांत असते. रोजच्या खर्चाची पानं पांढरी, रोकडीची गुलाबी, बँकेची पिवळी. प्रचाराच्या काळात ही वही किमान तीन वेळा खर्च निरीक्षकांसमोर ठेवावी लागते. निरीक्षकांचं पथकही आपली एक समांतर नोंदवही ठेवतं. त्यांचे व्हिडिओवाले सभांना जाऊन चित्रीकरण करतात. तपासणीच्या तारखा आधी ठरतात. त्या दिवशी कुणीही नागरिक त्या नोंदींची प्रत मागू शकतो, पानाला एक रुपया देऊन. माझ्या मते निवडणुकीच्या आख्ख्या कायद्यात सामान्य माणसाच्या हातात दिलेला हा सगळ्यात चांगला हक्क आहे आणि तो जवळजवळ कुणी वापरत नाही.

पैसे किंवा वस्तू वाटताना दिसल्या तर सी-व्हिजिल ॲपवर जागच्या जागी फोटो किंवा व्हिडिओ टाका. तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही व्हावी अशी त्याची रचना आहे. भांडायला पुढे जाऊ नका. आपलं काम नोंद करण्याचं.

पायरी तिसरी: निकालानंतरचे ४५ दिवस

लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे निकालापासून ३० दिवसांत उमेदवाराने हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. पडलेल्यानेही आणि अनामत गेलेल्यानेही. हिशेब आला की दोन दिवसांत कार्यालयाच्या फलकावर सूचना लागते: कुणाचा हिशेब, कधी आला, कुठे आणि कोणत्या वेळी बघता येईल. बघण्याची फी एक रुपया. साक्षांकित प्रती हव्या असतील तर त्याचं वेगळं शुल्क.

निकालाला आव्हान देणारी निवडणूक याचिका मात्र उच्च न्यायालयात ४५ दिवसांच्या आत दाखल करावी लागते, आणि ती त्या मतदारसंघातला साधा मतदारही करू शकतो. मर्यादेपेक्षा जास्त खर्च हा भ्रष्ट आचार ठरतो. म्हणजे उमेदवाराने शेवटच्या दिवशी हिशेब दिला तर बघायला, समजून घ्यायला आणि वकील गाठायला उरतात १५ दिवस. २०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. हिशेबाची मुदत २३ डिसेंबर, याचिकेची ७ जानेवारी. मधे नाताळ आणि नवीन वर्ष. याचिका हे मोठं आणि खर्चाचं काम आहे, सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. पण ज्याला करायची आहे त्याला तुमच्या वहीचा उपयोग होईल, आणि तो या १५ दिवसांतच. मी २५ व्या दिवसापासून फलक बघायला जातो.

हिशेब दिलाच नाही, किंवा कायद्याने सांगितल्या रीतीने दिला नाही आणि त्याला योग्य कारणही नसेल, तर आयोग उमेदवाराला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हे नुसतं कागदावर नाही. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २०११ मध्ये आयोगाने अपात्र ठरवलं. पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता.

पायरी चौथी: हिशेब वाचायचा कसा

बंडल जाड असतं. पहिल्या पानापासून सुरुवात केलीत तर दुपारपर्यंत चहाच्या पावत्याच वाचत बसाल. मी उलट्या बाजूने जातो. आधी पैसा आला कुठून ते.

गोषवाऱ्यामागे अनुसूची असतात. अनुसूची ७ मध्ये उमेदवाराचा स्वतःचा पैसा, ८ मध्ये पक्षाकडून आलेला, ९ मध्ये बाकी सगळ्यांकडून आलेली देणगी, भेट किंवा कर्ज. नववीवर बोट ठेवा. तिथे व्यक्ती, कंपनी, फर्म यांची नावं आणि रक्कम असते. गावातली ओळखीची नावं दिसतात: कुणी ठेकेदार, कुणी बांधकामवाले, कुणी द्राक्षांचा निर्यातदार. नाव दिसलं म्हणजे काही गैर झालं असं नाही. उघडपणे देणगी देणारा माणूस कायद्याप्रमाणेच वागला आहे, त्याच्यावर बोट दाखवू नका. ते नाव आपल्या वहीत लिहून ठेवायचं, आणि पुढच्या पाच वर्षांत कामांचे ठेके, भूखंडांचे निर्णय, ठराव बघताना ती वही उघडायची. देणगी जाहीर करायला लावण्याचा हेतू तोच आहे.

नववी अनुसूची कोरी असेल आणि सातवीत मोठी रक्कम असेल, तर उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र काढा. अर्जासोबत भरलेलं हे प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. त्यात हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, कर्ज सगळं असतं. हातात दोन लाख रोकड आणि बँकेत तीन लाख लिहिणाऱ्या माणसाने महिन्याभरात स्वतःचे वीस लाख प्रचाराला घातले असतील, तर ते कुठून आले हा प्रश्न रास्त आहे. लेखी विचारा.

मग बँक. उमेदवाराला निवडणुकीसाठी स्वतंत्र खातं उघडावं लागतं आणि सगळा पैसा त्यातून जावा लागतो. एका व्यक्तीला किंवा दुकानाला आख्ख्या प्रचारात मिळून १० हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. मी गुलाबी पानं घेऊन बसतो आणि एकाच मंडपवाल्याचं नाव किती वेळा येतं ते मोजतो. नऊ हजार आठशे, नऊ हजार नऊशे, नऊ हजार पाचशे अशा रकमा एकाच नावापुढे ओळीने आल्या की पेन्सिलने खूण करतो. पतसंस्थेत असताना अशा रकमा बघून कपाळावर आठी यायची, ती सवय इथे कामाला येते.

शेवटी आपली वही काढा आणि तारखा जुळवा.

पायरी पाचवी: पक्षाची वही

ही घरबसल्या बघता येते. एका आर्थिक वर्षात २० हजारांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्या प्रत्येकाचं नाव पक्षाला नमुना २४-ए मध्ये आयोगाला कळवावं लागतं. नाव, पत्ता, पॅन, रक्कम, आणि पैसे कसे दिले ते. अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. दिला नाही तर पक्षाला आयकरातली सवलत मिळत नाही.

याद्या शेकडो पानांच्या असतात, पुष्कळदा स्कॅन केलेल्या, त्यामुळे शब्द टाकून शोध लागेलच असं नाही. मी पिनकोडवरून जातो. ४२२ ने सुरू होणारे पत्ते आधी. मात्र संगमनेर आणि अकोल्याचे पिनकोडही ४२२ नेच सुरू होतात आणि ते अहिल्यानगर जिल्ह्यातले, तेवढे वगळा. मालेगाव, मनमाड, येवल्यासाठी ४२३ बघा. त्यात कोपरगाव मिसळलेलं असतं.

२० हजारांच्या आतल्या देणगीला नाव लागत नाही. ही दुसरी मोठी भगदाड. २०१७ पासून पक्षाने एका देणगीदाराकडून दोन हजारांवर रोख घेतली तर करसवलत जाते, पण छोट्या छोट्या रकमांची नावं आजही यादीत येत नाहीत. यादीत निवडणूक न्यास दिसले तर थांबा. कंपन्या न्यासाला देतात, न्यास पक्षांना देतो. जमलेल्यापैकी ९५ टक्के त्याच वर्षी वाटावे लागतात. कुणी न्यासाला दिलं आणि न्यासाने कुणाला दिलं, याचा वार्षिक अहवालही आयोगाकडे जातो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

निवडणूक रोख्यांबद्दल नवे लोक हमखास विचारतात. २ जानेवारी २०१८ ला ही योजना आली. स्टेट बँकेतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे घ्यायचे, पक्षाने ते १५ दिवसांत वटवायचे, आणि देणाऱ्याचं नाव लोकांना कळायचं नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती घटनाबाह्य ठरवली. मतदाराचा माहितीचा हक्क मारला जातो, हे कारण. १४ मार्चला १२ एप्रिल २०१९ पासूनच्या दोन याद्या आल्या: कुणी घेतले, कुणी वटवले. पण दोन्ही जोडणारा क्रमांक नव्हता. न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला क्रमांकही आले आणि कोणता रोखा कुठे गेला हे पहिल्यांदा दिसलं. मी ती रात्र संगणकासमोर घालवली. इतकी वर्षं झाकलेली पानं एकेक उघडत होती. त्या याद्या आजही बघता येतात. नव्या माणसाने हात बसवायला त्यांच्यापासून सुरुवात करावी.

त्याच निकालाने कंपन्यांवरची जुनी मर्यादाही परत आली: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के, आणि कोणत्या पक्षाला किती दिले ते हिशेबात लिहायचं.

तुम्हीच देणगी देणार असाल तर

सातपूर-अंबडला छोटा कारखाना आहे, मेन रोडला दुकान आहे, लासलगावला कांद्याचा व्यापार आहे, आणि कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारात उभे आहेत. "शेठ, या वेळी तुमचा शब्द पाहिजे." द्यायचे असतील तर धनादेशाने किंवा ऑनलाइन द्या, पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या निवडणूक खात्यावर. कार्यकर्त्याच्या वैयक्तिक नंबरवर पाठवू नका. पावतीवर पक्षाचं नाव, पॅन आणि तुमचं नाव बघून घ्या. रोख दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालक मंडळाचा ठराव हवा, आणि कंपनीला तीन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर देताच येत नाही.

कुणी येऊन सांगेल की अमुक पक्षाला एक लाख द्या, कमिशन कापून बाकीचे रोख परत देतो, वर करात पूर्ण वजावट. त्याला दारातूनच परत पाठवा. ही सरळ करचुकवेगिरी आहे आणि नोटीस तुमच्या पॅनवर येते. नाव न ऐकलेला पक्ष असेल तर आयोगाच्या यादीत तो अजून आहे का ते बघा. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले शेकडो नोंदणीकृत पक्ष आयोगाने २०२५ मध्ये यादीतून काढले. ऑगस्टमध्ये ३३४, सप्टेंबरमध्ये ४७४.

कागद मिळत नसेल तर

माहिती अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, प्रतींना पानाला दोन रुपये. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. "अमुक मतदारसंघातील अमुक उमेदवाराने सादर केलेल्या निवडणूक खर्चाच्या हिशेबाची, अनुसूची ७, ८ व ९ सह, साक्षांकित प्रत" एवढंच मागा. कारण लिहायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

पक्षाच्या कार्यालयात मात्र हा अर्ज चालवून बघू नका. सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा आदेश केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला दिला होता. पक्षांनी तो पाळलेला नाही. याची मला आजही चीड येते. अर्ज निवडणूक आयोगाकडे आणि कलेक्टर कचेरीकडेच करा.

कचेरीत सकाळी लवकर जा, दुपारनंतर बैठका असतात. सोबत मतदार ओळखपत्र, पेन्सिल, आपली वही आणि सुटे पैसे न्या. हिशेब बघायची फी एक रुपया आहे, आणि पाचशेच्या नोटेचे सुटे तिथे मिळत नाहीत.